खड्डा की टेकडी? : युरोपाची छायाचित्रे आणि भिंतीवरचा तक्ता

जालना जिल्ह्यातील एका शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत गुरूच्या उपग्रहांचा एक रंगीत तक्ता टांगलेला आहे. असे तक्ते बाजारात हवे तेवढे मिळतात. मधोमध युरोपा या उपग्रहाचे मोठे चित्र, भोवती चार-पाच लहान चौकोन, आणि त्यांपैकी एका चौकोनाखाली ‘युरोपावरील उल्काविवर’ अशी ओळ. आठवीच्या तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, यात खड्डा कुठंय? मला तर टेकडी दिसतेय.” आम्ही तक्त्याजवळ गेलो, खालची ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणालो, “विवर लिहिलंय ना? विवर म्हणजे खड्डा. गेल्या वर्षी सहलीत लोणार पाहिलंस की!” मुलगी खाली बसली. घंटा झाली.

आपण दिलेले उत्तर बरोबर होते की चूक, हे त्या वेळी आम्हाला ठाऊक नव्हते. पण ते देताना आम्ही छायाचित्राकडे पाहिलेच नाही, खालच्या ओळीकडे पाहिले, ही गोष्ट घरी गेल्यावर खटकू लागली. मुलगी चित्र पाहत होती आणि शिक्षक मथळा वाचत होते! म्हणून आम्ही ही छायाचित्रे मुळातून पाहायची ठरवले. नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते. मग वर्गात वर्षानुवर्षे टांगून ठेवायच्या छायाचित्राचे का होऊ नये? पुढील मजकूर म्हणजे तसे एक परीक्षण आहे.

आधी थोडी ओळख. गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहिलेल्या गुरूच्या चार उपग्रहांपैकी युरोपा हा आकाराने सर्वांत लहान. त्याचा व्यास सुमारे ३,१२० किमी, म्हणजे आपल्या चंद्राहून किंचित कमी. साडेतीन दिवसांत तो गुरूभोवती एक फेरी पूर्ण करतो. त्याचा सारा पृष्ठभाग बर्फाचा आहे. जुलै १९७९ मध्ये व्हॉयेजर-२ त्याच्या जवळून गेले तेव्हा अंड्याच्या तडकलेल्या कवचासारखा दिसणारा हा गोल माणसाला प्रथम नीट दिसला. पण व्हॉयेजरच्या उत्तम चित्रांतही एका ठिपक्यात सुमारे २ किमी जमीन मावत होती. त्यानंतर गॅलिलिओ हे यान डिसेंबर १९९५ मध्ये गुरूपाशी पोचले आणि सप्टेंबर २००३ पर्यंत राहिले. या यानाची छत्रीसारखी उघडणारी मोठी अँटेना १९९१ मध्ये उघडलीच नाही. त्यामुळे सारी छायाचित्रे लहान अँटेनातून, अक्षरशः थेंबाथेंबाने पृथ्वीवर पाठवावी लागली. तरीही १६ डिसेंबर १९९७ रोजी सुमारे २०० किमी उंचीवरून जाताना त्याने घेतलेल्या काही चित्रांत एक ठिपका केवळ ६ मीटरचा आहे. त्याहून बारीक चित्र युरोपाचे आजवर कोणी घेतलेले नाही. पुढे २९ सप्टेंबर २०२२ रोजी जुनो यान ३५२ किमी अंतरावरून गेले. दोन दशकांहून अधिक काळात युरोपाच्या इतक्या जवळ कोणी गेले नव्हते.

आता आमचा तक्ता. त्यावरची सारी चित्रे गॅलिलिओ यानाची आहेत, हे मूळ चित्रांशी ताडून पाहिल्यावर कळले. तक्त्यावर यानाचे नाव नाही, वर्ष नाही, मोजपट्टी नाही, प्रकाश कोणत्या बाजूने येतो हेही नाही. गंमत अशी, की मूळ चित्रे जाहीर झाली तेव्हा त्यांच्याबरोबर ही माहिती दिलेली होती. गॅलिलिओच्या चित्रांसोबतची टिपणे आम्हाला तर आदर्श वाटली: उत्तर दिशा कुठे, सूर्य कोणत्या बाजूस, चित्रात किती किलोमीटरचा मुलूख आला आहे, एक ठिपका किती मीटरचा, यानाने चित्र किती अंतरावरून व कोणत्या दिवशी घेतले. चार-सहा ओळींचा कोरडा मजकूर. तक्ता छापणाऱ्याने नेमका तोच गाळला आणि त्या जागी ‘अद्भुत हिमविश्व’ असे ठसठशीत अक्षरांत घातले. बियाण्याच्या पाकिटावरची पेरणीची माहिती खोडून ‘भरघोस पीक’ एवढेच छापावे, तसा हा प्रकार झाला.

रंगांचेही तेच. तक्त्यावरील एका चित्रात बर्फ निळाशार आहे आणि भेगा वीटकरी. हे चित्र कॉनामारा नावाच्या प्रदेशाचे. तिथे बर्फाचे मोठमोठे तुकडे फुटून, सरकून, थोडे वळून पुन्हा गोठलेले दिसतात, आणि ते खरोखरच महत्त्वाचे चित्र आहे. पण यानाचा कॅमेरा रंगीत चित्र घेत नव्हता. तो निरनिराळ्या गाळण्या पुढे आणून एकेक कृष्णधवल चित्र घेई. यांतली एखादी गाळणी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचीही असे. मग अशी दोन-तीन चित्रे एकत्र करून, रंगांतील फरक वाढवून चित्र बनवले जाई. डोळ्यांनी पाहिले असते तर युरोपा साधारण फिकट, सायीच्या रंगाचा आणि त्यावर तपकिरी रेघा असा दिसला असता. या तपकिरी रंगामागे क्षार आणि गंधकाची संयुगे असावीत, व गुरूभोवतीच्या तीव्र किरणोत्साराने ती रंगली असावीत, असे मानले जाते.

रंग वाढवणे म्हणजे लबाडी, असे आम्ही म्हणत नाही. जिल्ह्याच्या नकाशात अंबड तालुका गुलाबी आणि भोकरदन हिरवा छापलेला असतो, म्हणून अंबडची माती गुलाबी आहे असे कोणी समजत नाही. रंग तिथे ओळख पटवण्यासाठी असतो. कॉनामाराच्या चित्रातही तसेच आहे. निळे-पांढरे भाग म्हणजे प्विल नावाच्या विवरातून उडालेल्या बारीक हिमकणांनी माखलेली जागा, असे मूळ टिपण सांगते. आणि हे प्विल तिथून सुमारे १,००० किमी दक्षिणेला आहे! एका आघाताची धूळ हजार किलोमीटरांवर जाऊन पडली, ही गोष्ट तो निळा रंग सांगत होता. तक्त्यावर मात्र त्याखाली ‘निळा बर्फ’ एवढेच आहे. रंगभूषा केलेला नट आपल्याला ओळखू येतो, कारण त्याला आपण एरवीही पाहिलेले असते. युरोपाला आमच्या मुलांनी एरवी कुठे पाहावे?

मोजपट्टी नसल्याने काय होते ते मुलांना विचारून पाहावे. आम्ही विचारले. एकाने तडा म्हणजे हातभर भेग असेल असे सांगितले, दुसऱ्याने विहिरीएवढी. खरे तर युरोपावरील रेघा शेकडो, काही तर हजारांहून अधिक किलोमीटर लांब आहेत. हे आकडे सांगून डोळ्यांपुढे काही येत नाही. ओळखीच्या जागा घ्याव्या लागतात. लोणारचे विवर बुलढाणा जिल्ह्यात असले तरी मंठा तालुक्यातील मुलांना ते शेजारचेच. सहल निघाली की पहिले नाव लोणारचे. त्याचा व्यास सुमारे १,८३० मीटर. काठावरून उतरून तळ्याशी जाऊन परत येताना धाप लागते. हे सारे विवर उचलून युरोपावर ठेवले, तर जुनोच्या नेहमीच्या कॅमेऱ्याच्या चित्रात त्याचे दोन ठिपके उमटतील, कारण त्या भेटीत एक ठिपका उत्तमात उत्तम म्हणजे सुमारे १ किमीचा होता. गॅलिलिओच्या सर्वांत बारीक चित्रात ते आडवे तीनशे ठिपके व्यापील. काठावरची मंदिरेसुद्धा कुठे अंधूक जाणवतील. ही दोन्ही चित्रे एकाच आकारात शेजारी छापली, म्हणजे मुलाला दोन्ही मुलूख सारखेच मोठे वाटणार. त्यात त्याची चूक नाही.

पण रंग आणि मोजपट्टी यांपेक्षाही प्रकाशाच्या दिशेची उणीव मोठी आहे. नांगरट झालेले रान सकाळी सात वाजता पाहावे: प्रत्येक ढेकळाची लांब सावली पडते आणि रान खडबडीत दिसते. तेच दुपारी बारा वाजता पाहिले तर काळे, सपाट. ढेकळे तिथेच असतात. उजेड बदललेला असतो. यानाच्या छायाचित्रांतही उंचसखलपणा दिसतो तो सावल्यांमुळे, म्हणजे जिथे सूर्य क्षितिजालगत आहे तिथल्या चित्रांत. सूर्य माथ्यावर असलेल्या चित्रांत उठाव जातो आणि फक्त काळ्यापांढऱ्याचे फरक, म्हणजे डाग, उरतात. दोन्ही चित्रे खरी, पण दोन निरनिराळ्या गोष्टी सांगणारी.

सावलीवरून उंचीही काढता येते, आणि हे गणित नववी-दहावीच्या आवाक्यातले आहे. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना एखाद्या कड्याची सावली १ किमी पडली असेल, तर १० अंशांचा टॅन ०.१७६, म्हणजे कडा सुमारे १७६ मीटर उंच. आधी शाळेच्या ध्वजस्तंभावर हे करून पाहावे व मग चित्रावर. मात्र त्यासाठी सूर्याचा कोन व ठिपक्याचे माप दोन्ही लागते. तक्ता ही दोन्ही गाळतो, म्हणजे चित्रातून काही शिकण्याची वाटच बंद करतो.

आता खड्डा-टेकडीचा प्रश्न. आपल्या डोळ्यांना वरून येणाऱ्या उजेडाची सवय आहे. सूर्य वर, दिवा वर. म्हणून चित्रातला उजेडही वरच्या बाजूनेच आला असे आपण नकळत धरून चालतो. एखाद्या गोल खुणेची वरची कड काळी आणि खालची उजळ असली की खड्डा दिसतो, उलट असले की टेकडी. चित्रात प्रकाश खालच्या कडेकडून आला असेल तर सगळेच उलटे होते. खात्री पटवायची असेल तर विवराचे कोणतेही छायाचित्र उलटे धरावे: खड्डे फुगून वर येतात! वर्गात हे केले तेव्हा मुले आधी हसली आणि मग भांडू लागली, कारण काहींना लगेच बदल दिसला आणि काहींना दिसेना.

परातीत चाळलेली राख पसरून तिच्यात लिंबाने खळगे पाडावेत, खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड एका बाजूने, अगदी परातीच्या कडेला लागून टाकावा, आणि वरून डोकवावे. मग बॅटरी समोरच्या बाजूस न्यावी. बस्स, एवढाच प्रयोग. खर्च काही नाही. तो आम्ही तक्ता टांगला त्याच दिवशी करायला हवा होता.

हा सारा खटाटोप आठवीच्या मुलांपुरता आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही. युरोपाच्या बाबतीत तज्ज्ञांचीही अशीच फसगत झाली होती, आणि ती उघड झाली ती अगदी अलीकडे. युरोपाच्या नकाशावर ग्वेर्न नावाचे सुमारे २१ किमी रुंदीचे एक विवर दाखवलेले होते. जालना शहरापासून बदनापूरपर्यंत साधारण जेवढे अंतर, जवळपास तेवढी त्याची रुंदी. त्याला वेल्श पुराणकथेतील एका बालकाचे नाव दिलेले, नोंद झालेली, यादीत जागा मिळालेली. जुनोने २०२२ मध्ये घेतलेली चित्रे तपासून झाल्यावर २०२४ मध्ये संशोधकांनी जाहीर केले, की तिथे विवर नाहीच. बर्फाचे काही लांबट उंचवटे तिथे एकमेकांना छेदतात; त्यांच्या सावल्या मिळून अंडाकृती आकार तयार होत होता. तो आकार पाहून ‘आघाताने पडलेला खड्डा’ असे वाचले गेले. नव्या चित्रात उजेड वेगळा पडला आणि विवर नाहीसे झाले.

हे वाचल्यावर आम्ही वर्गात तेही करून पाहिले. पोळ्याला बैल करतात तसली माती भिजवून तिच्या लांब वळ्या केल्या, दोन एका दिशेने, दोन त्यांना तिरप्या छेदून. वरून पाहिले तर नुसती जाळी. बॅटरी एका विशिष्ट बाजूने, खूप खाली धरली की मधल्या चौकोनाचे कोपरे सावलीत बुडतात आणि गोलसर काळा डाग दिसतो. हुबेहूब वर्तुळ नव्हे. पण दूरवरून, अंधूक चित्र पाहणाऱ्याला फसवील इतके गोल. हात जरा फिरवला की गेले. एका मुलाने तर बॅटरी हलवून हलवून ‘विवर’ तीनदा आणले आणि घालवले.

एक विवर कमी झाले तर असे काय बिघडले? युरोपाच्या बाबतीत बिघडते, किंवा निदान मोजदाद करावी लागते. कोणत्याही ग्रह-उपग्रहाच्या पृष्ठभागाचे वय तिथे जाऊन दगड आणल्याखेरीज काढायचे तर विवरे मोजावी लागतात. पावसात ठेवलेल्या फरशीवर थेंबांचे डाग जितके जास्त, तितका वेळ ती बाहेर आहे, तसेच हे. आपल्या चंद्रावर विवरांची गर्दी आहे. युरोपावर मोठी विवरे फारच थोडी. त्यावरून त्याचा सध्याचा पृष्ठभाग केवळ ४ ते ९ कोटी वर्षांचा असावा, असा अंदाज केला जातो. सूर्यमालेच्या साडेचारशे कोटी वर्षांपुढे हे काहीच नाही. म्हणजे बर्फ सतत नवा होत असला पाहिजे, आणि खालून काहीतरी चालू असले पाहिजे. इतक्या मोठ्या निष्कर्षाचा पाया जर थोड्याशाच खड्ड्यांवर उभा असेल, तर त्यांतला प्रत्येक खड्डा खरेच खड्डा आहे का, हे विचारणे भाग आहे. आमच्या मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले होते तेच.

याच्या अगदी उलट चूक आमच्या शेजारी झालेली आहे. लोणारच्या तळ्याकडे १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लक्ष वेधले. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीचेच मानले जात होते. त्यात नवल नाही. भोवताली जिकडेतिकडे काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसाचा खडक; मग मधला गोल खळगा दुसऱ्या कशाचा असणार? ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १८९६ मध्ये ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य नोंदवले होते. पण त्याचे ॲरिझोनाच्या विवराविषयीचेच मत चुकले होते: ते वाफेच्या स्फोटाने झाले असे त्याने ठरवले. म्हणजे साम्य बरोबर ओळखले, अर्थ दोन्हींकडे हुकला. ॲरिझोनाचा निकाल १९६० च्या सुमारास लागला, तो तिथे सापडलेल्या एका खनिजामुळे. कोएसाइट नावाचे हे खनिज प्रचंड दाबाखालीच तयार होते. लोणारचा निकाल १९७३ मध्ये लागला. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी तिथल्या खडकांत मॅस्केलिनाइट दाखवून दिले. फेल्डस्पार हे खनिज न वितळता केवळ आघाताच्या धक्क्याने काचेसारखे होते, त्याला हे नाव आहे. ज्वालामुखीला तेवढा धक्का देता येत नाही.

पाहा, लोणारला माणसे काठावर उभी राहून, खाली उतरून, हाताने दगड उचलून दीडशे वर्षे फसली; युरोपाच्या बाबतीत ६०-७० कोटी किलोमीटरांवरून फसली. एकीकडे खरे आघातविवर असून ते ज्वालामुखीचे मानले, दुसरीकडे विवर नसून ते विवर मानले. दोन्हीकडे नडला तो आकारच. गोल दिसले की आपल्याजवळ तयार असलेले उत्तर आपण त्यात बसवतो. लोणारच्या वयाचेही असेच. जुन्या माहितीपत्रकांत सुमारे ५२ हजार वर्षे छापलेली असतात. २०११ मध्ये आरगॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या मापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. सहलीला जाताना निदान दोन्ही आकडे मुलांना सांगावेत.

जुनोच्या भेटीतील चित्रांकडे परत येतो, कारण त्यांत एक निवड करायची आहे. यान सेकंदाला सुमारे २३.६ किमी या वेगाने युरोपाजवळून गेले. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर या वेगाने तीन सेकंदांच्या आत येईल. शिवाय जुनो स्वतःभोवती फिरत असते. त्याचा जुनोकॅम हा कॅमेरा त्या फिरण्याचाच उपयोग करून पट्ट्यापट्ट्यांनी चित्र घेतो. हा कॅमेरा मुख्यतः सर्वसामान्य लोकांसाठी बसवलेला आहे. कच्ची चित्रे सर्वांना खुली केली जातात आणि जगभरची हौशी मंडळी ती जुळवून, रंगवून सादर करतात. ही पद्धत आम्हाला फार आवडली. मात्र त्यामुळे एकाच क्षणाच्या युरोपाची दहा रंगांची दहा चित्रे फिरतात, आणि त्यांतले जे सर्वांत भडक ते वृत्तपत्रात येते.

याच भेटीत आणखी एक चित्र घेतले गेले, ज्याची वृत्तपत्रांनी तितकी दखल घेतली नाही. यानाला तारे पाहून दिशा ओळखावी लागते, त्यासाठी एक कृष्णधवल कॅमेरा असतो. अंधुक उजेडात पाहणे हेच त्याचे काम. त्याने युरोपाच्या रात्रीच्या बाजूचे चित्र घेतले. उजेड सूर्याचा नव्हे, गुरूवरून परतलेला! पौर्णिमेच्या रात्री शेतातली वाट दिसते तसा. त्यात सुमारे १५० किमी बाय २०० किमी मुलूख आला आहे, म्हणजे सुमारे ७,७०० चौरस किमीच्या आपल्या जालना जिल्ह्याच्या जवळजवळ चौपट, आणि एक ठिपका २५६ ते ३४० मीटरचा. रंगीत चित्रापेक्षा हे तीन-चार पट बारीक. त्यात दुहेरी वरंब्यांची जाळी दिसते, काळपट डाग दिसतात, आणि ६७ किमी बाय ३७ किमीचा एक विस्कटलेला भाग दिसतो, ज्यात बर्फाचे ठोकळे रुतल्यासारखे आहेत. आमच्या मते वर्गात टांगण्याजोगे चित्र हे आहे. रंग नाही म्हणून डोळा आकाराकडे आणि उजेडाकडे वळतो, आणि मुलाला विचारण्याजोगे पुष्कळ उरते.

दुहेरी वरंबे म्हणजे मधे खाच आणि दोन्ही अंगांना दोन समांतर उंचवटे. पावसाळ्यात गाडीवाटेने बैलगाडी गेली की चाकाखाली चाकोरी पडते व दोन्ही बाजूंना चिखल वर येतो, अगदी तशी रेघ. मुले हे साम्य चटकन सांगतात, आणि सांगू द्यावे. पण तिथे कोणी चाक फिरवलेले नाही. मग हे वरंबे कशाने झाले? गुरूच्या ओढीने बर्फाला रोज ताण बसतो, तडे उघडतात व मिटतात, हे एक कारण सांगतात. २०२२ साली ग्रीनलंडच्या हिमथरात तशाच रूपाचा एक लहान दुहेरी वरंबा सापडला. तो बर्फात उथळ जागी साठलेले पाणी पुन्हा गोठल्याने झाला होता. म्हणून युरोपाचेही तसेच असेल का? असेल, पण पुन्हा हे रूपावरून काढलेले अनुमानच. लोणार-ॲरिझोनाच्या जोडीने काय केले ते आपण वर पाहिलेच.

तक्त्यावरची आणखी एक ओळ इथेच निकालात काढू. ‘छायाचित्रांत दिसणारा बर्फाखालील समुद्र’ असे तिथे छापले आहे. समुद्र कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. युरोपाच्या पोटात खारे पाणी आहे असे मानण्याचा सर्वांत भक्कम आधार चित्राचा नाहीच, चुंबकमापकाचा आहे. गुरूचे चुंबकीय क्षेत्र कललेले असल्याने युरोपाच्या जागी त्याची दिशा सुमारे अकरा तासांच्या चक्राने बदलते. खाऱ्या पाण्यासारखा विद्युत्वाहक थर आत असेल तर त्यात प्रवाह निर्माण होऊन उपग्रहाचे स्वतःचे क्षेत्रही त्याबरोबर उलटसुलट झाले पाहिजे. ३ जानेवारी २००० रोजी गॅलिलिओ यान ३५१ किमीवरून गेले ते हे तपासण्यासाठीच, आणि क्षेत्र अपेक्षेप्रमाणे उलटलेले आढळले. होकायंत्राची सुई व तारेचे वेटोळे यांचा प्रयोग शाळेत होतोच. त्याला जोडून हे सांगता येते. पण सुईच्या फिरण्याचे चित्र तक्त्यावर देखणे दिसत नाही, म्हणून समुद्र ‘दिसवला’ गेला.

यापुढची चित्रे यायला अजून अवधी आहे. युरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले. ते एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल आणि युरोपाजवळून ४९ फेऱ्या मारील, अशी योजना आहे. काही वेळा ते केवळ २५ किमीवरून जाईल, आणि त्याच्या उत्तम चित्रांत एक ठिपका अर्ध्या मीटरचा असेल. लोणारच्या काठावर उभी केलेली बैलगाडी त्यात ओळखू यावी. तोवर आमची आठवीची मुले शाळा सोडून गेलेली असतील.

राहिले प्विल. तक्त्यावर ‘उल्काविवर’ म्हणून छापलेले चित्र त्याचेच निघाले. हे मात्र खरे आघातविवर आहे, सुमारे २६ किमी रुंदीचे. त्यातून चहूकडे उडालेल्या पांढऱ्या किरणांसारख्या पट्ट्यांविषयी शंका नाही. म्हणजे आमचे उत्तर बरोबर? गॅलिलिओच्या निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रांवरून प्विलची उंचसखल प्रतिकृती तयार केली गेली होती. ती पाहिली आणि आम्ही चाट पडलो. प्विलचा तळ भोवतालच्या जमिनीच्या जवळजवळ पातळीतच आहे. आणि मधोमध सुमारे ६०० मीटर उंचीचा डोंगर आहे, विवराच्या काठाहूनही उंच! आपल्या चंद्रावर एवढ्या रुंदीचे ताजे विवर दोन किलोमीटरांहून खोल असते. इथे खालचा बर्फ उबदार व मऊ असल्याने, आघाताने पडलेला खड्डा टिकलाच नाही. तळ पुन्हा वर आला. लोणारच्या कठीण बेसाल्टात जो वाडगा तसाच राहिला, तो बर्फात भरून आला. विवर म्हणजे खड्डा ही आमची व्याख्या लोणारच्या काठावर उभे राहून केलेली होती.

पुढच्या आठवड्यात हे सारे आठवीला सांगितले, आणि त्या दिवशी टेकडी कोणाला दिसली होती तेही नाव घेऊन सांगितले. मुलगी लाजली, पण गप्प बसली नाही. तक्त्याजवळ आली, त्या चौकोनावर बोट ठेवून तिने विचारले, “सर, ह्यात उजेड कोणत्या बाजूनं आलाय?” मूळ टिपणातली माहिती आम्ही वहीत उतरवून आणली होती. ती तिच्याकडून कागदाच्या पट्टीवर लिहून घेतली आणि चौकोनाखाली चिकटवली. बाकीच्या चार चौकोनांच्या पट्ट्या मुले तयार करत आहेत.